‘द’ म्हणजे दावा: नगरच्या पोरांसाठी इंग्रजीतली एक छोटी गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक काम करा. हे वाक्य इंग्रजीत मोठ्याने बोला: “कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे.”

बोललात? आता बघा, तुमच्या वाक्यात ‘द’ आला का?

आपल्यातले बरेच जण म्हणतात, “कळसूबाई इज हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.” शिखर आपल्या अकोले तालुक्यातलं, उंची १६४६ मीटर, माहिती एकदम बरोबर. फक्त ‘द’ गायब!

यात तुमचा दोष नाही. मराठीत ‘द’सारखा शब्दच नाही. ‘सगळ्यात उंच’ म्हटलं की काम झालं. इंग्रजीत मात्र दोन गोष्टी लागतात. ‘हायेस्ट’ सांगतो, तुलनेत पहिला नंबर. ‘द’ सांगतो, तो हा एकच, दुसरा नाही. म्हणून “द हायेस्ट पीक”. आणि कळसूबाई हे एका शिखराचं नाव आहे, त्यामुळे त्याच्या आधी ‘द’ नको.

आता माझी फजिती ऐका. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला जिल्ह्याबद्दल बोलायला सांगितलं. मी जोशात म्हणालो, “नगर इज मोस्ट बिगेस्ट डिस्ट्रिक्ट.” समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, “द बिगेस्ट, ऑर वन ऑफ द बिगेस्ट?” मी गप्प! प्रश्न व्याकरणाचा आहे असं वाटून घाबरलो. खरं तर त्या विचारत होत्या, तुझा दावा नक्की काय आहे?

आज विचारलं तर मी म्हणेन, “नगर इज द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट इन महाराष्ट्र बाय एरिया.” क्षेत्रफळ सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यात पहिला नंबर. पण ‘बाय एरिया’ हवंच, कारण लोकसंख्येत ठाणे, पुणे आपल्या पुढे आहेत. नवं नाव घ्यायचं तर नगरच्या जागी अहिल्यानगर म्हणा. बाकी वाक्य तेच.

आता माझ्या चुका मोजू.

एक, ‘मोस्ट बिगेस्ट’. मराठीतल्या ‘सगळ्यात’साठी आपण ‘मोस्ट’ घालतो आणि वर ‘एस्ट’ही लावतो. हे म्हणजे चहात दोनदा साखर! छोट्या शब्दाला ‘एस्ट’: द टॉलेस्ट, द ओल्डेस्ट. लांब शब्दाआधी ‘मोस्ट’: द मोस्ट ब्यूटिफुल. दोन्ही एकत्र कधीच नाही.

दोन, ‘द’ विसरलो. त्याच्या जागी ‘अ’ही चालत नाही. “अ टॉल ट्री” म्हणजे अनेक उंच झाडांपैकी कुठलंही एक. “द टॉलेस्ट ट्री” म्हणजे बोट दाखवता येईल असं नेमकं एक.

खात्री नसेल तर? तेव्हा ‘वन ऑफ द’ वापरा, आणि पुढचं नाम अनेकवचनी ठेवा: “हरिश्चंद्रगड इज वन ऑफ द मोस्ट पॉप्युलर ट्रेक्स इन महाराष्ट्र.” ‘ट्रेक’ नाही, ‘ट्रेक्स’. कारण अनेकांमधला तो एक आहे.

एक सूट पण आहे. ‘माय’, ‘अवर’ आलं की ‘द’ला सुट्टी: “शी इज माय बेस्ट फ्रेंड.” “माय द बेस्ट फ्रेंड” म्हणू नका. फ्रेंड कोणाची, हे ‘माय’नेच सांगितलंय.

म्हणजे बोलताना स्वतःला एवढंच विचारायचं: मी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतोय का? हो असेल तर ‘द’. अनेकांतली एक असेल तर ‘वन ऑफ द’. नियम पाठ करायची गरज नाही. दावा स्पष्ट असला की ‘द’ आपोआप जागेवर येतो, आणि इंटरव्ह्यूत उलट प्रश्न आला तरी गडबडायला होत नाही.

आता गृहपाठ. आपल्या गावाबद्दल तीन वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा: सगळ्यात जुनं देऊळ, सगळ्यात मोठी विहीर, सगळ्यात गर्दीचा बाजार. मग स्वतःच ऐका आणि ‘द’ मोजा. तीन आले तर शाब्बास! कमी आले तर परत बोला, कोणी हसणार नाही. भेटू पुढच्या भागात!