राखीव संघ आणि त्यातली मुले



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या कार्यालयातील एक वाहनचालक सायंकाळी पाचनंतर माझ्या खोलीत आले आणि हातातली पिशवी छातीशी धरून उभे राहिले. वीस वर्षे शासकीय नोकरीत काढल्यावर मनुष्याला एवढे कळू लागते की, पाचनंतर येणारा माणूस कार्यालयाच्या कामासाठी आलेला नसतो. पिशवीतून त्यांनी चार छापील पाने काढली. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाची पश्चिमेकडील एका मोठ्या शहरातल्या फुटबॉल क्लबच्या निवासी अकादमीत निवड झाली होती आणि त्या पानांवर पालकांची सही हवी होती. मजकूर इंग्रजीत होता. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही वाचून सांगा. पाठवू की नको?"

मी इतिहासाचा एम. ए. फुटबॉलशी माझा संबंध रायपूरच्या सप्रे शाळेच्या मैदानाच्या कडेने सकाळी फिरण्यापुरता. नाही म्हणायला माझे आजोळ कोल्हापूर. तेव्हा लहानपणी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मामांच्या आरोळ्यांत आपली आरोळी मिसळण्याचे पुण्य पदरी आहे. परंतु एका मुलाच्या पाच-सहा वर्षांचा प्रश्न केवळ आरोळ्यांच्या अनुभवावर सोडवता येत नाही. म्हणून दोन-तीन आठवडे मी या विषयाचा नीट अभ्यास केला. त्यातले जे सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

त्या कागदातला पहिलाच अडसर एका शब्दाचा होता. 'अठरा वर्षांनंतर गुणवत्तेनुसार राखीव संघात समावेश' असे त्यात म्हटले होते. आमच्या छत्तीसगडात 'राखीव' म्हटले की एक तर जंगल आठवते, नाही तर नोकरीतली जागा. वाहनचालकांना त्यातून तिसराच अर्थ लागला होता. ते म्हणाले, "म्हणजे पोराला बाकावर बसवून ठेवणार?" वास्तविक गोष्ट अगदी उलट आहे. राखीव संघ असतो तो बाकावर बसावे लागू नये म्हणून.

हिशेब सोपा आहे. मैदानात अकरा खेळाडू उतरतात. बदली खेळाडू धरले तरी सामन्याच्या यादीत वीसेक नावे मावतात. पण दुखापती, आजार, थकवा यांचा विचार करून क्लबला पंचवीस-तीस माणसे पदरी ठेवावी लागतात. उरलेल्यांनी काय करावे? सराव कितीही केला तरी सराव म्हणजे सामना नव्हे. गवयाने घरी केलेला रियाज आणि भरल्या सभेतले गाणे यांत जो फरक, तोच येथेही. म्हणून या उरलेल्यांचा दुसरा संघ उभा करून त्याला स्वतंत्र स्पर्धेत खेळवतात. घोट्याच्या दुखापतीतून उठलेला तिशीचा खेळाडू येथे पुन्हा पाय आजमावतो. आणि त्याच्या शेजारी, मिसरूड फुटलेला, अकादमीतून नुकताच वर आलेला मुलगा प्रथमच थोराड माणसांचे धक्के खातो. अकादमीत तेरा, पंधरा, अठरा वर्षांखालील अशा इयत्ता असतात. तेथे मुलगा आपल्या वयाच्या मुलांशी खेळतो. शाळा आणि संसार यांच्यामध्ये जशी उमेदवारी, तसा अकादमी आणि मुख्य संघ यांच्यामध्ये राखीव संघ. ही उमेदवारी ज्या क्लबात नाही, तेथे अठराव्या वर्षी मुलाचा रस्ता एकाएकी संपतो.

ही व्यवस्था युरोपात प्रत्येक देशाने आपापल्या स्वभावाप्रमाणे बसवली. इंग्लंडात राखीव संघांच्या स्पर्धा स्वतंत्र ठेवल्या गेल्या. तेथे अठरा वर्षांखालील मुलांची युथ कप स्पर्धा १९५२-५३ साली सुरू झाली आणि पहिली पाचही वर्षे ती मँचेस्टर युनायटेडने जिंकली. स्पेनने मात्र क्लबच्या दुसऱ्या संघाला देशाच्या नेहमीच्या श्रेणीबद्ध स्पर्धेतच उतरवले. अट एवढीच की, बाप आणि लेक एका विभागात खेळू शकत नाहीत. त्यातून १९८० साली मोठी मौज झाली. रिअल माद्रिदचा राखीव संघ, कास्तिया, तेव्हा दुसऱ्या विभागात होता. देशाच्या चषकस्पर्धेत पहिल्या विभागातल्या नामांकित संघांना हरवत तो अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोहोचला, आणि समोर पाहतो तो स्वतःचाच मुख्य संघ! थोरल्यांनी धाकट्यांना सहा विरुद्ध एक असे हरवले. पुढे राखीव संघांना त्या स्पर्धेत खेळण्याची मनाई झाली. बार्सिलोनाने १९७९ साली मैदानाशेजारच्या एका जुन्या शेतघरात बाहेरगावच्या मुलांची राहण्याची सोय केली. ते घर १७०२ सालचे. २०१० साली जगातला सर्वोत्तम खेळाडू निवडताना जे तीन जण अखेरपर्यंत उरले, ते मेस्सी, इनिएस्ता आणि झावी हे तिघेही त्याच क्लबच्या या शाळेत वाढलेले होते.

मात्र या गोष्टी ऐकून भारावून जाण्यापूर्वी एक लक्षात घ्यावे. ते क्लब जुने आहेत. बार्सिलोनाची स्थापना १८९९ची. चौदाव्या वर्षी मूल तेथे सोडले, तर ते विशीत येईपर्यंत क्लब जागेवर असणार, ही गोष्ट तेथले आईबाप गृहीतच धरतात. आपल्याकडे नेमकी तीच गृहीत धरता येत नाही, आणि वाहनचालकांच्या प्रश्नाचे मर्म माझ्या मते येथे आहे.

आपल्या देशातली या प्रकारची पहिली नावाजलेली संस्था जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी. ती १९८७ साली निघाली. त्या वेळी तिच्या पाठीशी क्लब नव्हता, पोलादाचा कारखाना होता. मुले शिकून तयार झाली की कलकत्त्याचे आणि गोव्याचे क्लब त्यांना घेऊन जात. रेनेडी सिंग, दीपक मंडल, गोव्याचे महेश गवळी ही मंडळी याच अकादमीतली. क्लबने स्वतःच्या संघासाठी मुले वाढवावीत ही कल्पना आपल्याकडे रुजायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली, आणि तिचा सर्वांत लक्षणीय प्रयोग झाला तो पुण्यात.

पुणे एफसी हा क्लब २००७ साली अशोक पिरामल समूहाने स्थापन केला. दोन वर्षांत तो आय-लीगच्या वरच्या विभागात पोहोचला आणि २०१२-१३ च्या हंगामात त्याने दुसरा क्रमांक मिळवला. २०११ साली त्याने निवासी अकादमी उघडली. देहूरोडजवळच्या मामुर्डीला मुलांचा सराव चाले. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद या अकादमीने एकाहून अधिक वेळा पटकावले. मलप्पुरमचा आशिक कुरुणियन हा मुलगा येथेच घडला. पुढे काही काळ स्पेनमधल्या व्हियारेयालच्या तिसऱ्या संघात राहून आला, आणि २०१९च्या आशियाई चषकात भारताने थायलंडला चार विरुद्ध एक असे हरवले, त्या संघात होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आधी शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत, मग या अकादमीत, आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत. पुण्यातच डीएसके शिवाजियन्स या क्लबने लिव्हरपूलच्या सहकार्याने लोणी काळभोरला अकादमी चालवली. मिझोरमचा लालियानझुआला छांगते हा तेथला विद्यार्थी. २०२२-२३ सालचा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. २०१४-१५चा हंगाम संपल्यावर पुणे एफसीचा मुख्य संघ आय-लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. त्याच हंगामात भारत एफसी नावाचा पुण्याचा आणखी एक क्लब उतरला होता. तो एका वर्षातच मिटला. डीएसके शिवाजियन्स २०१७ साली स्पर्धेतून बाहेर पडला. पुणे एफसीची अकादमी २०१६ साली एफसी पुणे सिटी या आयएसएलमधील क्लबने विकत घेतली, आणि त्या क्लबचा राखीव संघ पुढे आय-लीगच्या दुसऱ्या विभागात खेळू लागला. घरधनी बदलला तरी घर टिकले, असे वाटले. पण २०१९ साली एफसी पुणे सिटीचाही कारभार आटोपला. आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांच्या आत एका शहरातले चार क्लब! अकराव्या वर्षी बालेवाडीच्या गॅलरीत बसून ज्या संघाची टोपी मुलाने हौसेने घेतली असेल, तो संघ त्याच्या दहावीपूर्वीच नाहीसा झालेला होता.

यात कोणा एकाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. क्लब चालवणे खर्चाचे काम आहे. तिकिटांच्या पैशांत खेळाडूंचे वेतन भागत नाही, आणि अकादमी तर निव्वळ खर्चाचीच बाब. तेरा वर्षांच्या मुलाचे जेवण, शाळा, डॉक्टर, शिक्षक यांवर आज खर्च केलेला रुपया परत आलाच तर आठ-दहा वर्षांनी येणार. तो कसा येतो, हेही जाणून घेण्यासारखे आहे.

फिफाने २००१ सालापासून अशी तरतूद केली आहे की, व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटावेत. समजा, रक्कम एक कोटी रुपये आहे. पाच टक्के म्हणजे पाच लाख. बारा ते पंधरा या चार वर्षांतील प्रत्येक वर्षासाठी पंचवीस हजार आणि सोळा ते तेवीस या आठ वर्षांतील प्रत्येक वर्षासाठी पन्नास हजार. बेरीज बरोबर पाच लाख भरते. मी दोनदा करून पाहिली, सवय आहे. याखेरीज पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी प्रशिक्षणाची वेगळी भरपाई असते. घडवणारा क्लबच अस्तित्वात नसेल, तर हा पैसा त्या देशाच्या फुटबॉल महासंघाकडे जातो आणि तो तरुणांच्या प्रशिक्षणासाठीच वापरावा असा नियम आहे. नियम उत्तम आहे. अडचण एवढीच की, आपले फार थोडे खेळाडू परदेशी जातात. ज्या झाडाची फळे बाजारापर्यंत पोहोचत नाहीत, त्याला पाणी कोण घालणार?

म्हणूनच क्लबांना परवाना देताना आशियाई महासंघाने युवक संघ ठेवण्याची अट घातली आहे. अट घातली की ती पाळणारे असतात आणि कागदोपत्री पाळणारेही असतात; हे मी शासकीय सेवेतल्या माणसाने सांगायला नको. तरीही अलीकडे एक चांगली गोष्ट घडली आहे. २०२२ साली राखीव आणि युवक संघांसाठी स्वतंत्र विकास लीग सुरू झाली. पहिली स्पर्धा गोव्यात भरली आणि बंगळुरू एफसीच्या मुलांनी ती जिंकली. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना हक्काचे सामने मिळू लागले, हा लाभ लहान नाही.

कोल्हापूरच्या तालमींची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब! तेथे निवासी अकादमी नाही, करार नाही, छापील पाने तर नाहीतच. गल्लीत खेळणारे पोर थोरांच्या नजरेत भरते आणि एक दिवस अंगात तालमीचा शर्ट चढतो. कित्येक पिढ्या उलटल्या तरी त्या संस्था उभ्या आहेत, कारण त्यांचा मालक एक नसून आख्खी पेठ आहे. पण तालीम मुलाला पेठेचा नायक करते. तेथून पुढे न्यायला अनिकेतलाही पुणे गाठावे लागले, हेही खरे. आमच्या राज्यात, अबूझमाडच्या तोंडाशी नारायणपूरला, रामकृष्ण मिशनचा आश्रम १९८५ पासून आहे. वनवासी मुलांची निवासी शाळा आणि फुटबॉल तेथे एकाच आवारात चालतात. २०२४ साली वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा याच आश्रमाच्या मैदानावर झाली. तेथे संघ हरला तरी शाळेची घंटा दुसऱ्या दिवशी वाजतेच.

वाहनचालकांना मी हे सारे सांगितले नाही. आम्ही दोघांनी मिळून त्या अकादमीला तीन प्रश्न लिहून पाठवले. मुलगा कोणत्या शाळेत जाईल आणि त्या शाळेची फी कोण भरेल? वर्षात त्याला किती सामने खेळायला मिळतील? आणि मधेच अकादमी बंद झाली, तर त्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत त्याच्या राहण्याची जबाबदारी कोणाची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आठ दिवसांत आली आणि ती समाधानकारक होती. तिसऱ्याविषयी त्यांच्याकडील गृहस्थ दूरध्वनीवर म्हणाले की, असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. वरिष्ठांना विचारून कळवतो. कळवणे अद्याप झालेले नाही. मी स्मरणपत्र पाठवले आहे.

दरम्यान मुलाच्या आईने निर्णय घेऊन टाकला. बापलेक आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्यापर्यंत आणि तेथून पुढे गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी वाहनचालक पुन्हा पाचनंतर आले. मी त्यांना एवढेच सांगितले की, मुलाच्या गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती न्या, मूळ कागद देऊ नका. आणि सहामाही परीक्षा होईपर्यंत इथल्या शाळेच्या पटावरचे त्याचे नाव काढू नका, मी मुख्याध्यापकांशी बोललो आहे. त्यांनी प्रती आणल्याच होत्या. तीनच होत्या, मी आणखी दोन काढायला लावल्या आणि पाचही कागदांवर सही करून शिक्का मारून दिला.