दहा नंबरची जर्सी

शनिवारच्या सकाळच्या शाळेत आमच्या पाचवीतला एक पोट्टा लाल जर्सी घालून आला. आठवडी बाजारातून घेतलेली. छातीवर मँचेस्टर युनायटेडचं चिन्ह. मी सहज विचारलं, "काय रे, हा क्लब कुठला, ठाऊक आहे काय?" झालं! त्याने धडाधड सांगायला सुरुवात केली. इंग्लंडची लीग 20 वेळा जिंकली, युरोपचा मोठा चषक 3 वेळा, 1968, 1999 आणि 2008. सतराच्या पाढ्याला दर वेळी अडखळणारं हे पोरगं, पण इथे कुठेच अडलं नाही!

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपल्या देशात नाही काय जी असा क्लब?"

आहे ना! पण त्याआधी त्या लाल जर्सीबद्दल थोडं सांगतो. मँचेस्टरचा हा क्लब 1878 मध्ये रेल्वेच्या कामगारांनी सुरू केला. डबे तयार करणारी, दुरुस्त करणारी साधी माणसं ती. आपल्या नरखेड जंक्शनवर ड्युटी संपल्यावर काही जणांनी चेंडू घेऊन मैदान गाठावं, तसंच म्हणा ना. 6 फेब्रुवारी 1958 ला या संघाला घेऊन परत येणारं विमान म्युनिकला कोसळलं. त्यात 8 खेळाडू गेले. पुढे दहा वर्षांनी, 1968 मध्ये, याच क्लबने युरोपचा चषक जिंकला. हे मात्र आमच्या पोट्ट्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त चषकांची संख्या पाठ होती.

आता आपल्या देशातली गोष्ट. योगायोग बघा, त्याच 1968 साली गोव्यात धेंपो स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याचं नाव डेम्पो असं छापून येतं. धेंपो हे तेव्हा लोखंडाच्या खाणींच्या व्यवसायातलं मोठं घराणं होतं. गोव्यात खाणमालकांनी फुटबॉलचे संघ पोसले. वास्कोचा साळगावकर क्लबही तसाच. 1970 च्या दशकात धेंपोने मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला आणि गोव्याचं नाव देशभर झालं. (फुटबॉलचं वेड आपल्या जिल्ह्यातही काही कमी नाही, कामठीत जाऊन बघा. पण ते पुन्हा केव्हातरी.)

1996 मध्ये भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. लीग म्हणजे एका दिवसाची कुस्ती नव्हे. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. जिंकलं तर 3 गुण, बरोबरी झाली तर 1. महिनोन् महिने बेरीज चालते. 2003-04 मध्ये धेंपोचा दुसरा क्रमांक आला. प्रशिक्षक होते आर्मांदो कोलासो.

पुढच्या हंगामासाठी संघात ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर आला. पाठीवर 10 आकडा. 5 डिसेंबर 2004 ला बंगळुरूत फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, समोर कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोने 2-0 ने सामना जिंकला आणि दोन्ही गोल क्रिस्तियानोचेच! पण दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो खाली पडला, आणि पुन्हा उठलाच नाही. चषक मिळाला, पण नाचायचं कोणी?

मुलांनो, त्याच हंगामाची लीग अजून खेळायची होती. धेंपोचे खेळाडू ती खेळले आणि पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेते झाले. क्लबने 10 आकड्याची जर्सी कायमची बाजूला ठेवली. ती कुणालाच द्यायची नाही, असं ठरलं.

मग मात्र धेंपोला थांबवणं कठीण झालं. 2006-07 ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली, ती त्या लीगची शेवटची खेप. तिच्या जागी आय-लीग आली, तर पहिली आय-लीगही धेंपोचीच! पुन्हा 2009-10 आणि 2011-12. म्हणजे कोलासोंच्या हाताखाली पाच वेळा देशातले पहिले. 2008 मध्ये आशियाच्या एएफसी चषकात उपांत्य फेरी गाठली. संघात समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स असे गोव्याचे खेळाडू होते आणि गोल करायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. 2011 मध्ये एअर इंडियाच्या संघाला त्यांनी 14-0 ने हरवलं. चौदा! वर्गात हा आकडा सांगितला तर पोट्टे बाकावर उभे राहिले.

पण लीगमध्ये नापासही करतात बरं का. शेवटी राहिला तो खालच्या वर्गात! 2015 मध्ये पाच वेळचा विजेता धेंपो खालच्या विभागात गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या विभागात पहिले येऊन त्यांनी वरची जागा परत मिळवली. तेवढ्यात नवा वाद. इंडियन सुपर लीगला देशातली सर्वांत वरची लीग करायचं आणि आय-लीगला तिच्या खाली ठेवायचं, असा बेत फुटबॉल महासंघाने मांडला. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी 2016 मध्ये आय-लीगच सोडली. मला विचाराल तर त्यांचा राग रास्त होता. पैसा नवा असेल, पण मैदानावर मिळवलेली जागा अशी कागदावर खाली ढकलायची काय?

त्यानंतर धेंपो गोव्यातल्या गोव्यात खेळत राहिला. 2024 मध्ये मात्र दुसऱ्या विभागातून वर चढून त्याने पुन्हा आय-लीग गाठली. प्रशिक्षक कोण होते? तोच समीर नाईक, पूर्वी याच संघात खेळून देश जिंकलेला.

हे सगळं सांगता सांगता कवायतीचा तास संपला. पोट्ट्याचा शेवटचा प्रश्न, "सर, धेंपोची जर्सी आपल्या बाजारात भेटते काय?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, ती काही इथं मिळत नाही."

पुढच्या शनिवारी तो पांढऱ्या बनियनवर निळ्या स्केचपेनने 'धेंपो' लिहून आला. पाठीवर 9.

"अरे, तुला तर 10 आकडा आवडतो न?"

"तो घेता येत नाही न जी सर."