चेंडू नसलेली चार माणसं

२०१३-१४ च्या हंगामापासून एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या प्रत्येक स्टेडियममध्ये छताजवळ सहा कॅमेरे बसले. कोर्टवरचे दहा खेळाडू आणि चेंडू नेमके कुठे आहेत, हे ते सेकंदाला २५ वेळा टिपून ठेवत. तोवर गुण, रिबाउंड (चुकलेल्या नेमाचा चेंडू पकडणं), चुका यांची नोंद व्हायची; आता कोण किती धावला, चेंडू कुणाच्या हातात किती वेळ राहिला, संघाने एका सामन्यात आपसात किती पास दिले, हेही मोजता येऊ लागलं. हंगाम संपला तेव्हा पासांच्या यादीत तीस संघांमध्ये सर्वांत तळाला होता ओकलंडचा गोल्डन स्टेट वॉरियर्स. सामन्याला अडीचशे पाससुद्धा नाहीत.

हा काही रडतखडत खेळणारा संघ नव्हता. स्टीफन करी आणि क्ले थॉम्पसन हे दोन असामान्य नेमबाज त्याच्याकडे होते. बचावात तो लीगमधल्या पहिल्या चार संघांत होता. ८२ पैकी ५१ सामने त्याने जिंकले होते. तरीही आक्रमणात त्याचा क्रमांक बारावा होता आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सने त्याला सात सामन्यांच्या झुंजीत घरी पाठवलं. प्रशिक्षक मार्क जॅक्सन यांना निरोप मिळाला आणि याआधी कुठल्याही संघाचं प्रशिक्षण न केलेले स्टीव्ह केर त्यांच्या जागी आले.

पुढच्या हंगामात त्याच संघाने ६७ सामने जिंकले. बचावात पहिला क्रमांक, आक्रमणात दुसरा, आणि १९७५ नंतर पहिल्यांदाच विजेतेपद. मधल्या उन्हाळ्यात कुणी मोठा तारा विकत घेतला नव्हता. करी तोच, थॉम्पसन तोच, उंचापुरा ऑस्ट्रेलियन सेंटर अँड्र्यू बोगट तोच, ड्रेमंड ग्रीन आणि आंद्रे इगुडालाही तेच. मग बदललं काय? बास्केटबॉलमध्ये मला याहून सुंदर प्रश्न माहीत नाही, आणि त्याचं उत्तर प्रश्नाहून सुंदर आहे.

आधी हे बारावे आणि दुसरे क्रमांक कसे लागतात ते पाहू. सामन्याला किती गुण झाले यावर आक्रमण जोखलं, तर वेगाने खेळणारा संघ उगाच भारी ठरतो. म्हणून शंभर वेळा चेंडू ताब्यात आला तर संघ किती गुण करतो, हे पाहतात. डीन ऑलिव्हर या अभ्यासकाने २००४ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात या हिशोबाचे चार धागे सोडवून दाखवले : नेम किती चांगला, चेंडू किती वेळा फुकट घालवला, चुकलेल्या नेमाचा चेंडू किती वेळा परत मिळवला आणि फ्री थ्रो किती मिळवले. यांत नेमाचं वजन सर्वांत जास्त. त्यामुळे बचावात तगड्या पण गुणांसाठी धडपडणाऱ्या संघाचा पहिला विचार ठरलेला असतो : आणखी एक चांगला नेमबाज आणा.

वॉरियर्सकडे मात्र नेमबाज होतेच. अडचण वेगळी होती. चेंडू करीच्या हातात किंवा बास्केटजवळ पाठ करून उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात जायचा, आणि बाकीचे चौघे आपापल्या जागी उभे राहून पाहायचे. उभ्या माणसावर पहारा ठेवणं फार सोपं असतं. त्याचा पहारेकरी एक डोळा त्याच्यावर ठेवतो आणि दोन पावलं सरकून चेंडूवाल्याची वाट अडवतो. एकाला एक असा दिसणारा सामना खरं तर एकाला अडीच असतो.

मैदानाचं माप पाहिलं की हे नीट समजतं. एनबीएचं कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. आक्रमण चालतं त्याच्या अर्ध्या भागात, तेही २४ सेकंदांत. या २४ सेकंदांमागे एक साधा भागाकार आहे. १९५० साली फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध चेंडू नुसता धरून ठेवत १९-१८ असा सामना जिंकला. असे सामने पाहायला लोक येईनात. तेव्हा सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशोब मांडला : चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० नेम मारतात, आणि सामना असतो ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. २८८० भागिले १२०, उत्तर २४. २४ सेकंदांचं हे घड्याळ १९५४ पासून आजतागायत चालू आहे. इतक्या थोड्या वेळात, इतक्या थोड्या जागेत पाच बचावपटू हात पसरून उभे असतात. त्यांचं सगळं काम अंतर मिटवण्याचं. आक्रमणाचं सगळं काम अंतर निर्माण करण्याचं.

माणूस पळून जितकं अंतर निर्माण करतो, त्याहून किती तरी जास्त अंतर चेंडू हवेतून जाऊन निर्माण करतो. जगातला सर्वांत चपळ बचावपटूही पासाइतका वेगवान नाही. उजवीकडून डावीकडे एक पास गेला की पाचही बचावपटूंना जागा बदलावी लागते. दुसरा गेला की पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या पासाला कुणीतरी अर्धं पाऊल उशिरा पोहोचतो, आणि या खेळात अर्धं पाऊल म्हणजे सगळं काही. धावत येणारा बचावपटू नेम अडवायला पुढे झेपावला तर नेमबाज त्याला बगल देऊन आत घुसतो. तो मागे थांबला तर नेम मोकळा. इकडे आड, तिकडे विहीर. केर यांनी सामन्याला तीनशे पास हे उद्दिष्ट ठेवलं आणि वॉरियर्सने त्या हंगामात ते ओलांडलं.

केर यांना हे कुणी शिकवलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते शिकागो बुल्समध्ये फिल जॅक्सन यांच्या हाताखाली खेळले, सॅन अँटोनियो स्पर्समध्ये ग्रेग पॉपोविच यांच्या. एनबीएच्या इतिहासात तीन गुणांच्या नेमांची टक्केवारी सर्वांत जास्त असलेला खेळाडू म्हणजे तेच : ४५.४. जून १९९७ मध्ये यूटाविरुद्ध अंतिम मालिकेचा सहावा सामना ८६-८६ असा बरोबरीत होता. अवघ्या जगाला ठाऊक होतं की शेवटचा नेम मायकेल जॉर्डन मारणार. म्हणूनच केर यांचा पहारेकरी जॉन स्टॉकटन त्यांना सोडून जॉर्डनवर धावला. जॉर्डनने चेंडू मोकळ्या केरकडे दिला, केर यांनी तो बास्केटमध्ये घातला आणि बुल्स विजेते झाले. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूने त्या क्षणी केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दोन माणसं स्वतःकडे ओढून घेणं आणि चेंडू सोडून देणं. सतरा वर्षांनी केर यांनी सबंध संघाला हेच शिकवलं.

पण पास हे या बदलाचं अर्धंच कारण. माझ्या मते मोठं अर्धं कारण म्हणजे करीने पास दिल्यावर काय करायला सुरुवात केली ते. चेंडू बास्केटजवळच्या बोगटकडे किंवा ग्रीनकडे द्यायचा आणि लगेच धावत सुटायचं. थॉम्पसनच्या पहारेकऱ्याच्या वाटेत आडवं उभं राहायचं, म्हणजे स्क्रीन लावायची. आणि तो गोंधळला की स्वतःच वळून तीन गुणांच्या रेषेमागे निसटायचं. दोन भयंकर नेमबाज एकमेकांसाठी स्क्रीन लावत असतात आणि पुढच्या क्षणी कोण कुठे फुटणार हे त्यांनाही आधी ठरवावं लागत नाही; पहारेकरी जी चूक करतील तिच्यावरून ते ठरतं. बुल्सच्या जुन्या त्रिकोणी आक्रमणातली ही चाल. तिच्यात गंमत अशी की करीच्या हातात चेंडू नसतानाच त्याची भीती सर्वांत जास्त वाटते. तो कोपऱ्याकडे नुसता धावला तरी दोन बचावपटू त्याच्यामागे खेचले जातात, आणि आत बास्केटखाली एखादा सहकारी एकटा उरतो. स्वतः चेंडूला हात न लावता दुसऱ्याला दोन गुण मिळवून देणारी ही धाव गुणपत्रकात कुठेच लिहिली जात नाही.

आता ड्रेमंड ग्रीन. संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०१२ च्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) तो पस्तिसावा घेतला गेला होता, म्हणजे दुसऱ्या फेरीत, जिथून फारशी अपेक्षा नसते. त्याची ओळख बचावपटू म्हणून. सुरुवातीच्या पाचांत त्याच्या जागी डेव्हिड ली होता, दोनदा ऑल-स्टार झालेला, गुण करणारा. हंगामाच्या तोंडावर लीच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि ग्रीनला संधी मिळाली. कागदावर पाहिलं तर आक्रमण सुधारायचं असताना गुण करणारा खेळाडू बाहेर गेला आणि बचाव करणारा आत आला. तरीही आक्रमण फुललं, आणि ते का फुललं यातच मला या गोष्टीचा गाभा दिसतो.

ग्रीन करीसाठी स्क्रीन लावतो. करीच्या नेमाच्या धाकाने दोन बचावपटू त्याच्यावर चालून जातात. करी चेंडू ग्रीनकडे सोडतो. आता ग्रीनच्या पुढ्यात आहेत तीन बचावपटू, आणि त्याच्या बाजूने, तो धरून, चार आक्रमक. क्षणभरासाठी सामना पाचास पाच राहिलेला नाही. चारास तीन झाला आहे. पुढे येणाऱ्या तिघांपैकी कोण कुणाला सोडून आपल्यावर धावेल, हे ग्रीनला क्षणार्धात वाचावं लागतं. हे तो का वाचू शकतो? कारण आयुष्यभर तो त्या तिघांच्या जागी उभा राहिला आहे. मदतीला कधी धावायचं, कुणाला सोडायचं, हा निर्णय बचावात त्याने हजारो वेळा घेतला आहे. बचाव जाणणाऱ्या डोक्याला आक्रमणात चेंडू देणं हा या संघाचा खरा शोध होता.

बचाव आणि आक्रमण यांचा दुसरा धागा आणखी सरळ आहे. प्रतिस्पर्ध्याने गुण केला की चेंडू रेषेबाहेरून आत फेकावा लागतो, आणि तेवढ्या वेळात त्याचे पाचही जण आपल्या जागी पोहोचतात. पण त्याचा नेम चुकला आणि रिबाउंड तुम्ही घेतला, तर त्याची घडी विस्कटलेलीच असते. म्हणजे चांगला बचाव दर खेपेला तुमच्या आक्रमणाला काही मोकळे सेकंद मिळवून देत असतो; ते वापरायचे की वाया घालवायचे एवढंच तुमच्या हातात. केर यांच्या वॉरियर्सने ते वापरले. रिबाउंड घेतला की ग्रीन चेंडू कुणाकडे सोपवायला न थांबता स्वतःच घेऊन पुढे धावायचा. त्या हंगामात लीगमध्ये सर्वांत वेगाने खेळणारा संघ हाच होता, आणि बचावात पहिलाही हाच.

या धाग्याला एक मुंबईकर गाठ आहे. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे कॅलिफोर्नियात आपली मुलगी खेळत असलेल्या, बारा वर्षांच्या मुलींच्या संघाला शिकवत होते. मुलींना नेम फारसा येत नव्हता, ड्रिबलही बेताचंच. लहानपणी क्रिकेट आणि फुटबॉल पाहिलेल्या रणदिव्यांना प्रश्न पडला की ९४ फुटांच्या मैदानातले सुमारे ७० फूट सगळे संघ न लढता प्रतिस्पर्ध्याला का देऊन टाकतात? त्यांनी मुलींना सबंध मैदानभर दबाव टाकायला लावलं. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटजवळच हिसकावला गेला की नेम सोपाच उरतो. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला आणि २००९ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांनी त्यांच्यावर ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलं. रणदिवे २०१० मध्ये वॉरियर्सच्या मालकांपैकी एक झाले आणि २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक. याच किंग्जविरुद्ध जानेवारी २०१५ मध्ये थॉम्पसनने एका क्वार्टरमध्ये ३७ गुण केले. तो विक्रम अजून टिकून आहे.

ही वाट धोक्याची आहे हेही खरं. जास्त पास म्हणजे चुकीच्या पासांची शक्यता जास्त, आणि मैदानाच्या मध्यावर हिसकावला गेलेला चेंडू सर्वोत्तम बचावालाही थोपवता येत नाही, कारण मागे कुणी नसतंच. केर यांच्या पहिल्या काही आठवड्यांत हेच झालं. पाच सामने जिंकूनही संघ चेंडू फार गमावत होता, मग सलग दोन सामने हरला. पास कमी करा असं केर यांनी सांगितलं नाही. डोळे दिपवणारे पास सोडून साधे पास द्या, हा त्यांचा आग्रह होता. पुढचे सोळा सामने वॉरियर्सने ओळीने जिंकले. बचावाची बाजू अनुभवी सहप्रशिक्षक रॉन ॲडम्स यांच्याकडे होती, आणि पाया मार्क जॅक्सन यांनी घातला आहे हे केर यांनी जाहीरपणे मान्य केलं. नवा माणूस आल्यावर जुन्याचं सगळंच उपटून टाकण्याची घाई त्यांनी केली नाही, हे मला त्यांच्या डावपेचांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि इगुडाला. सातशेहून अधिक सामने खेळलेला हा खेळाडू त्यातल्या प्रत्येक सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता. केर यांनी त्याला राखीव बाकावर बसायला सांगितलं, तो बसला. अंतिम मालिकेत क्लीव्हलंडविरुद्ध १-२ असे मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात बोगटला बाहेर ठेवून इगुडालाला सुरुवातीला उतरवण्यात आलं. ही सूचना निक यूरेन या तरुण साहाय्यकाची. संघाची उंची घटली, पण पाचही जण चेंडू हाताळणारे झाले, आणि क्लीव्हलंडला मोकळा सोडण्याजोगा एकही माणूस उरला नाही. वॉरियर्सने पुढचे तिन्ही सामने जिंकले. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू इगुडाला ठरला.

शाळा-कॉलेजच्या संघांना शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमची मुलं बचावात जीव ओतत असतील आणि गुण होत नसतील, तर नवा नेमबाज शोधण्याआधी रोजच्या सरावातली दहा मिनिटं ड्रिबलवर बंदी घाला. चेंडू फक्त पासाने पुढे जाईल, आणि पास दिलेल्याने जागेवर उभं राहायचं नाही. याला पैसा लागत नाही, उंची लागत नाही. महिनाभर करून पाहा.