कोरलं आधी की झिजलं आधी?

अमेरिकेचं पाच सेंटचं जुनं नाणं भिंगाखाली ठेवलं आहे. १९१३ ते १९३८ या काळात पाडलेलं, वजन पाच ग्रॅम, आकाराने साधारण आपल्या आजच्या रुपयाएवढं. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांनी त्यावर मूळ अमेरिकी पुरुषाचा चेहरा घडवला होता. केसांत पिसं, खांद्याकडे उतरणारी वेणी. या नाण्यावर मात्र पिसंही नाहीत आणि वेणीही नाही. त्यांच्या जागी गोल टोपी आणि दाट दाढी आली आहे. कुणीतरी तेवढ्याशा धातूतून दुसराच माणूस बाहेर काढला आहे.

यालाच ‘होबो निकेल’ म्हणतात. कामाच्या शोधात मालगाड्यांतून गावोगाव फिरणाऱ्या, हातावर पोट असलेल्या अमेरिकी मजुरांना होबो म्हणत. १९२९ नंतरच्या महामंदीत त्यांची संख्या खूप वाढली. खिशातला चाकू, खिळा, कानस एवढ्या हत्यारांवर ते नाणं कोरत आणि एका जेवणावर देऊन टाकत. फ्रेझरचा चेहरा ठसठशीत आणि जवळजवळ नाणंभर पसरलेला, म्हणून कोरायला धातू भरपूर मिळे. बर्ट्रम वीगंड हा त्यांतला नामांकित कारागीर. नाण्यावर ‘लिबर्टी’ हा इंग्रजी शब्द असतो. त्यातली पहिली दोन आणि शेवटचं एक अक्षर तो खरवडून टाकी, की मधे उरे ‘बर्ट’. तीन अक्षरं पुसली की त्याची सही तयार!

आज अशा नाण्यांना मोठी किंमत येते, आणि तिच्यामागोमाग नकलाही आल्या. आजचे कित्येक कलावंत सुंदर नाणी कोरतात, वर आपली सही आणि साल घालतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. फसवणूक होते ती ठशाने घाऊक पाडलेल्या नकलांत आणि काल कोरून, काळं करून ‘जुनं’ म्हणून विकलेल्या नाण्यांत. ती ओळखायची तर चित्राकडे कमी आणि धातूवर काय कोणत्या क्रमाने घडलं याकडे जास्त बघावं लागतं.

नांगरटीत तासाच्या कडेला माती उचलून येते, तशी अणकुचीदार हत्याराने धातू कापताना चराच्या कडेला बारीक धार उचलली जाते. नाणं पुढे खिशाखिशांतून, गल्ल्यांतून फिरलं की ही धार बसते. टोपीचा काठ, नाकाचं टोक आधी गुळगुळीत होतं. त्याच काळात हवेतला ऑक्सिजन आणि गंधकाची संयुगं नाण्यातल्या तांब्यावर काम करत राहतात. उंचवटे सतत घासले जातात म्हणून उजळ राहतात, चरांत मळ आणि काळपटपणा साठतो, आणि दोन्हींच्या मधे रंग हळूहळू बदलत जातो. नक्कल करणारा हेच काम एका दुपारी उरकतो. गंधकयुक्त रसायनाने नाणं काळं करायचं, मग उंच भाग घासून उजळायचे. भिंगाखाली चराचा तळ सगळीकडे सारखाच काळा दिसतो, उजळ आणि काळ्याची सीमा आखल्यासारखी, आणि काळ्या थराखाली ती उचललेली धार शाबूत. काळेपणा जुना, कडा मात्र कालची!

अर्थात कोरल्याबरोबर डबीत ठेवलेल्या खऱ्या नाण्याच्या कडाही नव्वद वर्षं तीक्ष्ण राहू शकतात. म्हणून नुसत्या झिजेवर निकाल देऊ नये. रंग आणि हत्याराच्या खुणाही बघाव्यात. हाताने मारलेला फटकारा उथळ सुरू होतो, खोल जातो, पुन्हा वर येतो, आणि प्रत्येकाची लांबी वेगळी असते. विजेवर फिरणाऱ्या हत्याराने एकसारख्या बारीक लाटा उमटतात. लेझरने धातू वितळून पुन्हा गोठल्याच्या खुणा राहतात. ठशाच्या नकला तर एकमेकींच्या शेजारी ठेवाव्यात: दोघांच्या गालावर त्याच जागी तोच ओरखडा असला, तर तो खिशात पडलेला नाही, ठशातून आलेला आहे.

चुंबकाची कसोटी घरीसुद्धा समजून घेता येते. १९६०च्या दशकातला आपला निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, १९८०च्या दशकातला चिकटत नाही. नंतरच्या रुपयात निकेल एक भाग आणि तांबं तीन भाग होतं, आणि एवढ्या तांब्यात निकेल आपलं चुंबकत्व हरवून बसतं. अमेरिकेच्या या पाच सेंटचंही प्रमाण हेच. तेव्हा चुंबकाला चिकटणारं ‘होबो निकेल’ लोखंडाचं पोट असलेली नक्कल समजावी. न चिकटलं म्हणून मात्र ते खरं ठरत नाही.

‘बर्ट’ अशी सही असलेलं नाणं हाती आलं, तर आधी अक्षरांच्या डाव्या-उजव्या रिकाम्या जागेवर भिंग न्यावं. तिथे तीन अक्षरं खरवडलेली असतात. तो खरवडलेला धातू शेजारच्या धातूइतकाच काळवंडलेला हवा.