अपघाताचे पोलिसी कागद : सही करण्याआधी वाचा

नगर रस्त्याने मालाची ने-आण करणाऱ्या आम्हा कापड व्यापाऱ्यांना खराडी बायपास चौक चांगलाच परिचयाचा आहे. गाडीला अपघात झाला की आपण इस्पितळ, गॅरेज आणि विमा कंपनी यांच्यामागे धावतो. पोलीस ठाण्यात मात्र सांगतील तेथे सही करून मोकळे होतो. पुढे भरपाईचा सारा हिशेब त्याच कागदांवर उभा राहतो. गाठी मोजल्याशिवाय आपण बिलटीवर सही करीत नाही, मग येथे घाई कशाला?

प्रथम ठाण्याविषयी. खराडीला २०२४ साली स्वतंत्र पोलीस ठाणे मिळाले. त्यापूर्वीचा कारभार चंदननगर ठाण्यातून चाले, म्हणून जुने कागद तेथे शोधावेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर ‘आमची हद्द नाही’ या कारणावरून नाकारता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमच्यासारख्या अनेकांना पोलिसी मराठीची धास्ती वाटते. वास्तविक फिर्याद, जबाब, पंचनामा, मुद्देमाल, अंमलदार हे शब्द उर्दूवाल्यांना परके नाहीत. फिर्याद म्हणजे पहिली खबर, ज्याला आपण एफआयआर म्हणतो. ती लिहिल्यावर फिर्यादीला वाचून दाखवणे आणि तिची प्रत मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे. फिर्यादीवर सही लागते. तपासात साक्षीदाराचा जो जबाब घेतला जातो, त्यावर मात्र सही घेऊ नये असा कायदा आहे.

अपघाताच्या बहुतेक फिर्यादींत एक ठरलेले वाक्य असते : ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून...’ हे वाचून ड्रायव्हर खचतो आणि समोरचा पक्ष खूश होतो. दोघांचेही चुकते. हा आरोप आहे, निकाल नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात बेदरकार वाहन चालवण्यास कलम २८१, जीव धोक्यात घालून दुखापत करण्यास १२५ आणि निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूस १०६ लागते. त्याआधीच्या कागदांवर २७९, ३३७, ३३८ आणि ३०४-अ ही जुनी कलमे दिसतील.

तपासात कलमे बदलूही शकतात. खराडीजवळच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. आरंभी ३०४-अ लावले होते, नंतर सदोष मनुष्यवधाचे कलम ३०४ वाढवले गेले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. म्हणून वैद्यकीय कागदावर नमुना कोणी, कोठे आणि किती वाजता घेतला, हे पाहिलेच पाहिजे.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा. त्यात रस्त्याची रुंदी, दुभाजक, उजेड, टायर घासल्याच्या खुणा, गाड्यांची दिशा आणि कोणत्या बाजूला मार बसला हे असते. नकाशा आणि मजकूर जुळतो का, ते पाहावे. गाडीत माल असेल तर गाठींची संख्या आणि भिजल्या-फाटल्याची नोंद आग्रहाने करवून घ्यावी. बिलटी, बिल आणि ई-वे बिल यांतील आकडे त्याच्याशी जुळले पाहिजेत. मालाच्या नुकसानीबद्दल ट्रान्सपोर्टवाल्यावर दावा करायचा असेल, तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

माणूस जखमी झाला किंवा दगावला असेल, तर १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम उपयोगी आहेत. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. पीडितांना त्यांचे हक्क सांगणारा फॉर्म दहा दिवसांत द्यायचा असतो. तो मिळाला नाही तर मागावा. भरपाईच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्याविषयी सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आहे, तरी शहाण्याने सहा महिने धरूनच चालावे.

फिर्यादीत चूक राहिली तर खाडाखोड होत नाही. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाब नोंदवण्याची विनंती करावी आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचे नाव, लायसन्स, वेळ आणि दिशा या पाच गोष्टी पहिल्याच दिवशी ताडून पाहाव्यात. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला सोबत न्यावे, यात कमीपणा नाही. घरचा कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या मुलाबाळांचा हक्क ठरवताना हेच कागद न्यायाधिकरणासमोर असतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी बरोबर असले पाहिजेत.