घाट सायकलला मोकळा मिळावा

पनवेलहून पुण्याकडे निघालेल्या सायकलला द्रुतगती मार्गावर प्रवेश नाही. कळंबोलीपासून सुरू होणारा हा ९४.५ किलोमीटरचा रस्ता २००२ साली पूर्ण खुला झाला, तो केवळ चारचाकी आणि त्याहून मोठ्या वाहनांसाठी. दुचाकी, रिक्षा, पादचारी आणि सायकल या सगळ्यांना बंदी. पण या बंदीतून सायकलवाल्यांच्या पदरात एक गोष्ट पडली. पुण्याची घाई असलेल्या मोटारी तिकडे गेल्या आणि पळस्पे, शेडुंग, चौक, खालापूर करत खोपोलीला पोचणारा जुना रस्ता बराच हलका झाला. आडवारी पहाटे या रस्त्याला लागले की चौकापर्यंत प्रबळगडाची सोबत असते, पुढे सह्याद्रीची भिंत समोर येते आणि खोपोलीत रमाकांतचा वडा खाऊन मंडळी बोरघाटाला भिडतात.

बोरघाट हा मुंबईकडच्या सायकलवाल्यांचा परीक्षेचा घाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत इथे जो आघाडी घेतो, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. काहींना या किताबाचे अप्रूप शर्यत जिंकण्याइतकेच असते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० साली इथला चाकांचा रस्ता खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, तिचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर. रेल्वेच्या साहेबांना डोंगरातली वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा इथे सर्वांना ठाऊक आहे. घाटातल्या त्याच्या देवळापुढे आजही गाड्या वेग कमी करतात, नाणे टाकतात आणि पुढे जातात.

चढणीवर सायकलचा वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो. एवढ्या मंद वेगात सायकल सरळ रेषेत राहत नाही, थोडी डोलतेच. नागमोडी वळणावर आतली बाजू नेहमी जास्त उभी असते, बाहेरची सपाट. जाणता सायकलस्वार वळण आले की एक गिअर खाली टाकतो, बाहेरच्या कडेने मोठा फेरा घेतो आणि दम न तुटता वर निघतो. पण त्यासाठी रस्त्याची पूर्ण रुंदी लागते. मागून ट्रक गुरगुरत असेल आणि समोरून एसटी उतरत असेल, तर त्याला डावी कड धरूनच राहावे लागते. मग त्याच उभ्या चढावर, डिझेलच्या धुरात, पॅडल मारताना छाती फुटायची वेळ येते. रस्ता रिकामा असला की घाट तेवढाच राहतो, पण तो माणसाच्या आवाक्यात येतो.

हा रिकामेपणा कधी मिळतो? लोणावळ्याचा हंगाम म्हणजे पाऊस. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे लोटणारी गर्दी घाट तुंबवून टाकते. शिवाय तेव्हा दरडींची भीती असते आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरते. मग दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या, मग मे महिना. या सगळ्यांच्या मधल्या फटी सायकलवाल्यांच्या: दिवाळीची सुट्टी उलटल्यापासून नाताळपर्यंत, आणि जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, तेही आडवारी, ऊन चढण्याआधी. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा फुललेले असतात, पळसाने रंग धरलेला असतो. इंजिनांचा आवाज नसला की तांबटाची टुकटुक दरीच्या पलीकडून ऐकू येते.

दुसरी वाट चौकातून कर्जतकडे वळते आणि नेरळमार्गे माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर जाते. हा चढ बोरघाटाहून निष्ठुर. सात-आठ किलोमीटरांत सुमारे सातशे मीटर उंची. हिशेब करून पाहण्याजोगा आहे: स्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलो धरले आणि पायांतून सतत १५० वॅट शक्ती निघाली, तर एवढे चढायला एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली आणि १९०७ साली सुरू झालेली मिनी ट्रेन साधारण हाच डोंगर वीस-एकवीस किलोमीटर वळसे घेत चढते, आणि तिचाही कमाल चढ वीस मीटरला एक मीटर आहे. सायकलवाला जवळपास दुप्पट तीव्रतेचा चढ मांडीच्या बळावर काढतो.

दस्तुरीच्या पुढे पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. आत लाल मातीची वाट, पायी माणसे, घोडे, आणि अलीकडे न्यायालयाच्या परवानगीने आलेल्या ई-रिक्षा. बहुतेक सायकलस्वार नाक्यावरून मागे फिरतात. परतीचा उतार चढाइतकाच जपून करावा लागतो. सतत ब्रेक दाबून ठेवला तर रिम तापते, म्हणून पुढचा-मागचा आळीपाळीने, थांबून थांबून.

जगात काही ठिकाणी ही मोकळीक ठरवून दिली जाते. अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग-टू-द-सन’ नावाचा सुमारे ८० किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे. १९३३ साली खुला झालेला हा रस्ता लोगन खिंडीत २,०२६ मीटर उंची गाठतो. हिवाळ्यात तो बर्फाखाली जातो. वसंतात बर्फ उपसणारी यंत्रे वर सरकू लागली की मोटारींसाठी फाटक बंदच राहते, पण साफ झालेल्या भागात सायकली आणि पायी माणसे सोडली जातात. काम चालू असलेल्या दिवशी कुठवर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी कुठवर, हे उद्यानाचे प्रशासन जाहीर करते. इटलीतल्या स्टेल्व्हियो खिंडीत, २,७५७ मीटरवर, एका बाजूला ४८ नागमोडी वळणे आहेत. वर्षातून एक दिवस तो सगळा घाट सायकलींच्या हवाली होतो. कोलंबियात बोगोटा शहर १९७४ पासून रविवारी आणि सणाच्या दिवशी आपले शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते मोटारींना बंद करते.

हे आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ उपक्रमात रविवारी सकाळी काही तास मरीन ड्राइव्हसह निवडक रस्ते चालणाऱ्या-खेळणाऱ्यांना मोकळे करून दिले होते. बोरघाटातला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, तेव्हा टाळेबंदीमुळे वाहतूक नसल्याचा फायदा घेऊन पुलाखालचा द्रुतगती मार्ग काही दिवस बंद ठेवला गेला. कारण ठोस असेल तर घाटातला रस्ताही बंद ठेवता येतो.

आणि आता कारणाला संधीचीही जोड आहे. खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरांचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला. दोन बोगदे आणि दरीवरचा उंच पूल यांतून घाट टाळणारा हा मार्ग. घाटातला वाहनांचा भार त्यावर वळवणे हा त्याचा उद्देश. तो भार उतरला की जुन्या घाटरस्त्याचे काय करायचे, हे ठरवावे लागेल.

सायकलवाल्यांची मागणी फार मोठी असू नये. शिंग्रोबाच्या वर काही अंतर जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात, तो भाग बंद करणे अवघड. म्हणून खोपोलीपासून त्या जोडापर्यंतचाच टप्पा घ्यावा. डिसेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातले दोन रविवार, पहाटे पाच ते नऊ. रुग्णवाहिका आणि स्थानिकांच्या गाड्यांना मुभा, खोपोलीत आणि वरच्या जोडावर पोलिसांची चौकी, वळणांवर स्वयंसेवक, आणि उतरणाऱ्यांसाठी वेगळी कड. रायगडचे जिल्हा प्रशासन, महामार्ग पोलीस आणि महामंडळ यांनी एकत्र बसून एका हिवाळ्यापुरता प्रयोग केला, तर किती माणसे येतात, अडचण कुणाला होते आणि वाहतूक कुठे अडते, या तिन्हींची मोजदाद मार्चपर्यंत हाती येईल. त्यावरून पुढच्या हिवाळ्याचे रविवार वाढवायचे की कमी करायचे, ते ठरवता येईल.