शालेय शिक्षणातील तिसरा दुवा : पालक, शिक्षक आणि पाठीराखा

मुलाच्या शालेय शिक्षणाचा विचार करताना सामान्यतः दोनच स्थळे डोळ्यांपुढे उभी राहतात : एक घर आणि दुसरी शाळा. घराने मूल शाळेत पाठवावे, शाळेने त्याला शिकवावे, आणि दोहोंनी परस्परांशी सहकार्य करावे, असा या विचाराचा रूढ साचा आहे. ज्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या असतात, तेथे हा साचा पुरेसा ठरतो; कारण शाळेची भाषा, तिच्या अपेक्षा आणि तिचे वेळापत्रक ही त्या घराच्या अंगवळणी पडलेली असतात. परंतु ज्या घरातील पहिलेच मूल पाटीवर अक्षर गिरवीत असते, त्या घराला शाळा हे एक परके संस्थान वाटते. शिक्षकाने पालकांस भेटीस बोलावले, तर मुलाने काही अपराध केला असावा, एवढाच त्याचा अर्थ तेथे लावला जातो. अशा ठिकाणी घर आणि शाळा यांच्यामध्ये तिसऱ्या व्यक्तीची गरज निर्माण होते. त्या तिसऱ्या व्यक्तीचे कार्य नेमके कोणते, आणि ते कोणत्या मर्यादेत फलदायी होते, याची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा अर्थ

या व्यक्तीस अलीकडे ‘मेंटॉर’ असे संबोधण्याचा प्रघात आहे. ‘मार्गदर्शक’ हा शब्द विद्यापीठीय व्यवहारात प्रबंधाच्या संदर्भात रूढ झाला असल्याने येथे ‘पाठीराखा’ हा शब्द योजिला आहे. पाठीराखा म्हणजे मुलाचा पालकही नव्हे आणि त्याचा नेमलेला शिक्षकही नव्हे. तो शेजारी असेल, नात्यातील वडीलधारी व्यक्ती असेल, वस्तीतील शिकलेली तरुणी असेल किंवा एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता असेल. शिकवणीच्या मास्तरांपासूनही तो वेगळा आहे. शिकवणीचा संबंध विषयाशी असतो व तो मोबदल्यावर आधारलेला असतो. पाठीराख्याचा संबंध मुलाच्या एकंदर शिक्षणक्रमाशी असतो. मूल शाळेत टिकेल काय, पुढच्या पायरीवर जाईल काय, ही त्याची चिंता असते.

चरित्रांतील दोन उदाहरणे

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या तिसऱ्या दुव्याची दोन ठळक उदाहरणे आढळतात. जोतीराव फुले यांचे प्राथमिक शिक्षण सुरू झाल्यानंतर वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेतून काढून घेतले होते. शिकलेला मुलगा शेतीच्या कामास निरुपयोगी होईल, अशी भीती त्यांच्या मनात भरविण्यात आली होती. पुढे शेजारी राहणारे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी या मुलाची बुद्धी ओळखून गोविंदरावांचे मन वळविले, आणि 1841 मध्ये जोतीरावांचा पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत प्रवेश झाला. या घटनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या दोघांनी मुलाला काही शिकविले किंवा नाही हा प्रश्न गौण आहे. त्यांचे निर्णायक कार्य मुलाशी नव्हे, तर वडिलांशी झालेल्या बोलण्यात आहे. शेजारी या नात्याने त्यांच्या शब्दाला घरात वजन होते. शाळेच्या शब्दाला ते असणे शक्य नव्हते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. रामजी सुभेदार हे पालक या नात्याने असामान्य होते. परळच्या चाळीतील एका खोलीत मुलाला अभ्यासास शांतता लाभावी, म्हणून त्याला लवकर निजवून पहाटे दोनच्या सुमारास उठविण्याचा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदविला आहे. पुस्तकांसाठी पैसे नसले, तर विवाहित मुलींचे दागिने मागून घेऊन ते गहाण ठेवण्यासही ते कचरत नसत. तथापि घराची ही पराकाष्ठा पुरी पडण्याला एक सीमा होती. शाळेने तर वर्गात वेगळे बसविणे, संस्कृत शिकण्यास मज्जाव करणे अशा मार्गांनी या विद्यार्थ्याची वाटच अडविली होती. येथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे कार्य सुरू होते. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी आपण होऊन चौकशी केली. 1907 मध्ये तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे इंटरनंतर रामजींची आर्थिक शक्ती संपत आली, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यात त्यांनी पुढाकार घेतला. केळुसकरांनी रामजींची जागा घेतली नाही. रामजींचा हात जेथे पोहोचत नव्हता, तेथे त्यांनी आपला हात पोहोचविला.

या दोन उदाहरणांवरून पाठीराख्याची दोन कार्ये निश्चित करता येतात : घराचे मन शाळेकडे वळविणे, आणि घराच्या आवाक्याबाहेरील साधने मुलापर्यंत आणणे. परंतु थोर पुरुषांच्या चरित्रांवरून सामान्य सिद्धांत काढणे धोक्याचे असते. ज्या मुलांना मुन्शी किंवा केळुसकर भेटले नाहीत, त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत. योगायोगाने घडलेली ही गोष्ट योजनापूर्वक घडविता येते काय, हा खरा शास्त्रीय प्रश्न होय.

योजनाबद्ध प्रयत्नांचा अनुभव

या प्रश्नाचे सर्वांत काटेकोर उत्तर मुंबई व वडोदरा येथील ‘बालसखी’ उपक्रमाच्या अभ्यासातून मिळते. ‘प्रथम’ या संस्थेने नगरपालिकांच्या शाळांत हा उपक्रम चालविला होता. वस्तीतीलच माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली तरुणी, सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन, तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या 15 ते 20 मुलांना शाळेच्या वेळेतील दोन तास वेगळे बसवून वाचन व गणिताचे मूळ पाठ देत असे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी या उपक्रमाची यादृच्छिक विभागणीच्या पद्धतीने पाहणी केली व तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी बालसखी असलेल्या शाळांतील मुलांचे सरासरी गुण 0.14 प्रमाण विचलनाने, तर दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलनाने वाढल्याचे दिसले. सर्वाधिक लाभ अगदी तळाच्या मुलांना झाला. जी मुले मूळ शिक्षकाकडेच राहिली, त्यांचा वर्ग लहान होऊनही त्यांच्या प्रगतीत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे केवळ पटसंख्या घटल्याचा हा परिणाम नव्हता. मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून आरंभ करण्याचा तो परिणाम होता.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मात्र तितक्याच गांभीर्याने घ्यावयास हवा. उपक्रम संपल्यानंतर एका वर्षाने हा लाभ सुमारे 0.10 प्रमाण विचलनापर्यंत ओसरला. तिसऱ्या व्यक्तीने दिलेला आधार काढून घेतल्यावर जे उरते, ते घर आणि शाळा यांनी सांभाळावयाचे असते. तशी तरतूद नसेल, तर चांगल्या आधाराचेही फळ टिकत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात 280 गावांत झालेला प्रयोग या विवेचनास पूरक आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही गावांत पालकांना व ग्रामशिक्षण समितीला केवळ माहिती देण्यात आली : समितीचे अधिकार कोणते, गावातील मुलांना वाचता येते किंवा कसे, इत्यादी. या माहितीने समितीच्या कामात किंवा शाळेच्या कारभारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्या गावांत तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकविण्याची साधी पद्धती देऊन वर्ग चालविण्यास सांगितले, तेथे त्या वर्गांना येणाऱ्या मुलांचे वाचन निश्चितपणे सुधारले. परंतु वर्गांना येणारी मुले गावातील एकूण मुलांच्या सुमारे 8 टक्केच होती. पहिल्या निष्कर्षावरून असे दिसते की, सभा आणि समित्या यांच्यापेक्षा नेमके काम हाती असलेली एक व्यक्ती अधिक उपयुक्त ठरते. दुसऱ्यावरून असे दिसते की, ती व्यक्ती मुलांच्या घरापर्यंत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग थोड्यांपुरताच राहतो.

पाठीराख्याचे स्वतंत्र स्थान नष्ट झाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण उत्तराखंडात मिळाले. तेथे याच पद्धतीने प्रशिक्षित केलेले स्वयंसेवक शाळेच्या नित्याच्या कामात सामावून घेतले गेले. ते जादा शिक्षकच बनले, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी ठरविलेली पद्धती मागे राहिली. परिणामी मुलांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. बिहारमध्ये मात्र शाळेच्या वेळेबाहेर स्वयंसेवकांनी घेतलेल्या वर्गांना यश आले. तिसरा दुवा दुसऱ्यात विरून गेला, की तो दुवाच राहत नाही.

परिणाम कोणत्या मार्गाने होतो

पाठीराख्याचा प्रभाव मुलावर थेट पडतो, की घराच्या द्वारा पडतो? या प्रश्नावर अमेरिकेतील एका अभ्यासाने लक्षणीय प्रकाश टाकला आहे. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेत स्वयंसेवक प्रौढ व्यक्ती आणि मूल यांची जोडी जुळविली जाते. जीन ऱ्होड्स, जीन ग्रॉसमन आणि नॅन्सी रेश यांनी 10 ते 16 वर्षे वयाच्या 959 मुलांच्या माहितीचे विश्लेषण 2000 मध्ये प्रसिद्ध केले. शैक्षणिक बाबतीत दिसून आलेल्या सुधारणेचा काही भाग मुलाचे आईवडिलांशी असलेले नाते सुधारल्यामुळे घडला, असे त्यात आढळले. पाठीराखा चांगला असेल तर मूल घरापासून दुरावत नाही, उलट घराच्या अधिक जवळ येते, ही गोष्ट ‘बाहेरचा माणूस मुलाला आमच्यापासून तोडील’ अशी भीती बाळगणाऱ्या पालकांना सांगण्याजोगी आहे.

ग्रॉसमन व ऱ्होड्स यांनी 2002 मध्ये त्याच माहितीवरून काळाचा मुद्दा तपासला. ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक टिकल्या, त्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला. ज्या काही महिन्यांतच तुटल्या, त्यांतील मुलांचा आत्मविश्वास खालावल्याचे दिसले. अर्धवट सोडलेला आधार हा आधार नसण्याहूनही कधी कधी अपायकारक ठरतो. विद्यार्थ्यांच्या सेवाकार्यासाठी चार-सहा आठवड्यांच्या योजना आखणाऱ्या महाविद्यालयांनी हा इशारा ध्यानात ठेवावा.

कायदा आणि प्रत्यक्ष स्थिती

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यात मुलाला शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर सोपविले आहे. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना देण्याचे कर्तव्य शिक्षकांवर आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. दोन बाजूंची कर्तव्ये अशी नमूद आहेत. परंतु एखाद्या विशिष्ट मुलाची वाट पाहणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीचे कर्तव्य कायद्याने नेमून देता येत नाही. ते समाजानेच उचलावे लागते.

त्याची निकड मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे पाहिले असता विशेष जाणवते. दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत गावी परतत नाहीत. मूल त्यांच्याबरोबर गेले, तर शाळेचे अर्धे वर्ष बुडते. गावी राहिले, तर पालकांच्या बैठकीस येण्यास पालकच नसतात. बीडसारख्या जिल्ह्यात अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविली गेली, ती याच कारणाने. परंतु वसतिगृह जेवणाची सोय करील. मूल आज शाळेत गेले काय, त्याला वाचता येते काय, आणि हे सर्व फडावर असलेल्या आईला कोणी कळविले काय, हे पाहणारी व्यक्ती निराळी लागते. मागे राहिलेली आजी, बारावी झालेली शेजारची मुलगी, सेवानिवृत्त गुरुजी यांपैकी कोणीही ते काम करू शकेल. मात्र तिला शिक्षकाने मुलाच्या प्रगतीची माहिती देण्यायोग्य मानले पाहिजे, आणि आईवडिलांनी आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला दिला पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, पाठीराख्याचे काम नेमके व मर्यादित असावे. सर्वसाधारण सदिच्छेतून फारसे निष्पन्न होत नाही. दुसरी, त्याचा सहवास निदान एक शालेय वर्ष टिकावा, आणि तो संपताना त्याने सांभाळलेले काम घराने व शाळेने वाटून घ्यावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, त्याने पालकाची किंवा शिक्षकाची जागा घेऊ नये; त्या दोघांमधील वाट मोकळी ठेवावी. अभ्यासाची वेळ राखणे, मुलाला घरकामातून मोकळे करणे आणि त्याने शिकावे ही इच्छा जागती ठेवणे, ही कामे निरक्षर आईही करू शकते व तिच्यावाचून ती कोणी करू शकत नाही. मुलाची पातळी ओळखून पाठ देणे हे शिक्षकाचे कार्य आहे. या दोन कार्यांचा एकमेकांस सुगावा लागत नाही, तेथे मूल मधल्यामध्ये हरवते.

बालसखीच्या पाहणीत गुणांचे मोजमाप झाले. परंतु वस्तीतील असल्यामुळे त्या तरुणीचा मुलांच्या घरांशी कोणता व्यवहार होत होता, आणि त्याचा परिणामात किती वाटा होता, हे त्या आकड्यांवरून उलगडत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या तालुक्यातील मोजक्या शाळा घेऊन, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संध्याकाळी कोण डोकावते, शिक्षकाचा निरोप घरी कोण वाचून दाखविते, आणि शाळा सुटण्याच्या प्रसंगी कोणाचा शब्द ऐकला जातो, याची नोंद केली, तर या विषयाच्या अभ्यासात मोलाची भर पडेल.